देहाची रोजकीर्द आणि खतावणी

मार्च १८७० मध्ये जबलपूर येथे दोन लोहमार्ग एकमेकांस येऊन मिळाले. एक मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा, तर दुसरा अलाहाबादेहून आलेला ईस्ट इंडियन रेल्वेचा. त्या दिवसापासून मुंबई आणि कलकत्ता या दोन महानगरांमधील आगगाडीचा प्रवास अखंड झाला आणि नर्मदेकाठचे हे शहर हिंदुस्थानच्या नकाशावर ठळक अक्षरांत दिसू लागले. मराठी माणसास ते त्यापूर्वीही अपरिचित नव्हते. १७८१ च्या सुमारास सागरच्या मराठी सुभेदारांनी गोंडांकडून हा मुलूख घेतला, १७९८ मध्ये तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७ च्या अखेरीस इंग्रजांच्या हाती पडला. त्या राजवटीबरोबर आलेली मराठी घराणी तेथेच रुजली.

या जिल्ह्याचे वैभव गव्हाचे. जबलपूरच्या आसपासच्या काळ्या सुपीक पट्ट्यास 'हवेली' असे नाव आहे. तेथील शेतकरी शेताभोवती उंच बांध घालून पावसाळ्याचे पाणी शेतातच कोंडून ठेवीत, पावसाळा सरताच ते सोडून देत आणि त्या ओलीवर गहू पेरीत. विहीर नाही, कालवा नाही. तरी पीक भरघोस. रेल्वे आल्यावर हा गहू मुंबईच्या बंदरातून परदेशी जाऊ लागला. डोंगराळ भागात मात्र गोंड आणि इतर वनवासी लोक कोदो, कुटकी आणि मोहाची फुले यांवरच आपला निर्वाह करीत राहिले.

अशा या संपन्न जिल्ह्यात १८९७ साली माणसे भुकेने मेली. १८९१ च्या खानेसुमारीत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ७ लाख ४८ हजार होती. १९०१ मध्ये ती ६ लाख ८० हजारांवर आली. दहा वर्षांत नैसर्गिक वाढ व्हावयाची, ती दूरच राहिली. उलट शेकडा नऊ माणसे कमी झाली. हे कसे घडले याचा विचार करू लागले असता एक गोष्ट प्रथम ध्यानात येते. हा दुष्काळ एका वर्षाचा नव्हता. १८९३ पासून लागोपाठ तीन हंगाम अवकाळी पावसाने आणि तांबेऱ्याने गव्हाचा घास घेतला होता. शेतकऱ्याची कणगी रिकामी झाली होती, सावकाराकडील पत संपली होती आणि घरातील माणसे आधीच अर्धपोटी राहू लागली होती. अशा स्थितीत १८९६ च्या ऑगस्टअखेर पाऊस एकाएकी बंद झाला. खरीप वाळले आणि रब्बीच्या पेरणीस ओल उरली नाही. मराठीत 'दुष्काळात तेरावा महिना' अशी म्हण आहे. जबलपूरला तेराव्या महिन्याऐवजी चौथे वर्ष आले.

त्या साली अमेरिकेतील 'कॉस्मोपॉलिटन' मासिकाचा बातमीदार ज्यूलियन हॉथॉर्न जबलपूरला येऊन गेला. तेथील बाजारात त्याला जे दिसले त्याने तो व्यथित झाला. व्यापाऱ्यांच्या दुकानांत धान्य होते आणि त्याच दुकानांसमोर हाडांचे सापळे झालेली माणसे हात पसरून उभी होती. ज्या रेल्वेने गहू बाहेर नेला त्याच रेल्वेने धान्य आत आणणेही शक्य होते, आणि ते आलेही. परंतु ते विकत घेण्याचे बळ ज्यांच्यापाशी होते, त्यांच्यासाठीच. ही गोष्ट अर्थशास्त्राची झाली. परंतु त्या दुकानांसमोर उभ्या असलेल्या माणसांच्या देहात काय घडत होते, ही गोष्ट शरीरशास्त्राची आहे. आणि या दोन गोष्टींची गाठ पडावयास पुढे जवळजवळ शंभर वर्षे लागली.

दुष्काळात सरकारने कामे काढली. खडी फोडणे, तलाव खोदणे, रस्ते बांधणे ही ती कामे. जो काम करील त्याला मजुरी, आणि मजुरी किती, तर त्या दिवसाचे पोट भरेल इतकी. म्हणजे भुकेचा हिशेब रोजच्या रोज होत असे. व्यापाऱ्याच्या भाषेत बोलावयाचे तर सरकार रोजकीर्द लिहीत होते. आजचे काम, आजचे धान्य, आजची बाकी शून्य. नेमून दिलेले काम पुरे झाले नाही तर मजुरी कापली जाई. चार वर्षांच्या अर्धपोटी जगण्याने ज्याचे दंड काडीसारखे झाले आहेत, त्याच्याकडून खडी कमी फुटावयाची. खडी कमी फुटली की धान्य कमी. धान्य कमी झाले की दुसऱ्या दिवशी हात आणखी दुबळे. या फेऱ्याची नोंद रोजकीर्दीत होत नव्हती, कारण रोजकीर्दीत कालची आठवण नसते.

हे रोजचे परिमाण आले कोठून, हे पाहण्यासाठी वीस वर्षे मागे जावे लागते. सर रिचर्ड टेंपल हे नाव मध्य प्रांताला नवे नव्हते. १८६१ मध्ये हा प्रांत निर्माण झाल्यावर १८६२ ते १८६७ या काळात तेच त्याचे चीफ कमिशनर होते आणि जबलपूर त्यांच्याच अमलाखाली होते. पुढे १८७४ च्या बिहारमधील टंचाईत त्यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून लोकांचे प्राण वाचविले. परंतु खर्च फार केला म्हणून त्यांच्यावर टीकेची झोड उठली. १८७७ मध्ये दक्षिणेत आणि मद्रास इलाख्यात मोठा दुष्काळ पडला तेव्हा लॉर्ड लिटनने याच टेंपलसाहेबांना दुष्काळावरील प्रतिनिधी म्हणून पाठविले. मागील टीकेचा चटका त्यांना लागलेला होता. त्यांनी ठरविले की, काम करणाऱ्या माणसास दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे पुरे आहेत.

यावर दोन बाजूंनी विरोध झाला. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉक्टर कॉर्निश यांनी वैद्यकीय दृष्टीने सांगितले की, एवढ्या अन्नावर श्रम करणारे शरीर टिकणार नाही. धान्य अधिक हवे आणि त्याबरोबर डाळ व भाजीही हवी. दुसरा विरोध मुंबई इलाख्यातील दुष्काळी कामांवरच्या मजुरांचा. मजुरी घटवली गेल्यावर जानेवारी १८७७ मध्ये हजारो स्त्रीपुरुष कामे सोडून निघून गेले आणि गणेश वासुदेव जोशी यांच्या पुणे सार्वजनिक सभेने त्यांची कैफियत सरकारपुढे मांडली. ज्यांचे हातावर पोट त्यांनी तो हात आवरता घेतला, ही घटना आपल्या सार्वजनिक जीवनाच्या इतिहासात लहान नाही. अखेर त्याच वर्षी मद्रासमध्ये हे परिमाण सोडून द्यावे लागले. १८८० च्या दुष्काळ आयोगाने काम करणाऱ्या प्रौढ पुरुषास दीड पौंड धान्य, त्यात डाळीचा योग्य अंश, असे प्रमाण सुचविले आणि त्यावरून पुढे प्रांतोप्रांतीचे दुष्काळ-नियम तयार झाले. जबलपूरच्या खडी फोडणाऱ्यांना १८९७ मध्ये जे मिळाले त्याचे मूळ या वादात आहे. पौंड मोठा झाला; पण मोजणी दिवसाचीच राहिली.

टेंपल आणि कॉर्निश यांच्या वादाचा निकाल शास्त्राने लावावा, असे साधन त्या काळी हाती नव्हते. अन्नातील शक्ती मोजण्याचे एकक, ज्यास आपण उष्मांक किंवा कॅलरी म्हणतो, ते माणसाच्या देहास काटेकोरपणे लावण्याचे काम अमेरिकेत ॲटवॉटर नावाच्या शास्त्रज्ञाने १८९० नंतरच्या वर्षांत हाती घेतले. माणूस राहू शकेल एवढी एक बंद खोली त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी तयार केली आणि खोलीतील माणसाने किती अन्न खाल्ले व किती उष्णता बाहेर टाकली याचा ताळा घातला. जबलपूरमध्ये माणसे मरत होती त्याच सुमारास हे प्रयोग चालू होते. ॲटवॉटरने दाखविले की देह हिशेबाच्या बाहेर नाही. जे आत जाते ते कोठे ना कोठे दिसतेच. एक ग्रॅम पिष्टापासून किंवा प्रथिनापासून सुमारे चार उष्मांक, एक ग्रॅम स्निग्धापासून सुमारे नऊ, ही त्याची कोष्टके आजही वापरात आहेत. त्यांनुसार टेंपलसाहेबांच्या एक पौंड धान्यातून सुमारे १६०० उष्मांक मिळतात.

हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. कारण १९४४ साली तो वेगळ्याच ठिकाणी पुन्हा भेटतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस युरोपात लक्षावधी उपाशी माणसांना पुन्हा अन्नावर आणण्याचा प्रश्न पडणार, हे दिसू लागले होते. तेव्हा अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने एक प्रयोग योजिला. युद्धात शस्त्र धरण्यास नीतिबुद्धीने नकार देणाऱ्या ३६ तरुणांनी त्यासाठी आपले देह देऊ केले. आरंभी बारा आठवडे त्यांना पुरेसे अन्न देण्यात आले. नंतर चोवीस आठवडे त्यांना सरासरी सुमारे १५७० उष्मांकांचा आहार मिळाला. बटाटे, सलगम, काळा पाव आणि शेवयांसारखे पदार्थ, दिवसातून दोन वेळा. आठवड्याला २२ मैल चालण्याचा नेमही होता. शास्त्रज्ञांनी ज्या आहारास उपासमार म्हटले, तो टेंपलसाहेबांनी पुरेसा ठरविलेल्या धान्याइतकाच होता. आणि मिनेसोटातील तरुण धडधाकट देहाने या प्रयोगात उतरले होते, त्यांना खडी फोडावयाची नव्हती.

सहा महिन्यांत त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. नाडी मंद झाली, अंग थंड पडू लागले, जिना चढणे अवघड वाटू लागले, रात्रंदिवस अन्नाखेरीज दुसरा विचार सुचेनासा झाला. परंतु या प्रयोगाचा खरा बोध पुढच्या भागात आहे. अन्न पुन्हा सुरू झाले तेव्हा वजन वाढू लागले; पण वाढले ते काय? मेद प्रथम परत आला, स्नायू मागे राहिले. पोटभर खावयास मिळू लागल्यावर काही महिन्यांनी अनेकांच्या शरीरातील मेद मूळच्यापेक्षाही अधिक झाला होता आणि स्नायू तरीही पूर्वपदास आले नव्हते. प्रयोगाचे आकडे अर्धशतकानंतर पुन्हा तपासले गेले तेव्हा आणखी एक गोष्ट दिसून आली. मेद भरून आल्यावरही या माणसांची भूक शमत नव्हती. स्नायूंची तूट भरून येईपर्यंत देह अन्न मागतच राहिला होता. कीज यांचा 'उपासमारीचे जीवशास्त्र' या विषयावरील दोन खंडांचा ग्रंथ १९५० मध्ये प्रसिद्ध झाला.

देह असे का करतो, हे समजून घ्यावयाचे तर त्याच्या कोठारांची ओळख करून घ्यावी लागते. पहिले कोठार साखरेचे. यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण अर्धा किलो साखर ग्लायकोजेनच्या रूपाने साठविलेली असते. ही रोख शिल्लक; एका दिवसाच्या खर्चाइतकी. दुसरे कोठार मेदाचे. एक किलो मेदात सुमारे ७७०० उष्मांक असतात, म्हणजे सडपातळ माणसाच्या अंगावरही काही आठवड्यांचा दाणागोटा बांधलेला असतो. तिसरे कोठार म्हणून वेगळे काही नाहीच. प्रथिनांसाठी देहाने स्वतंत्र कणगी ठेवलेली नाही. हात, पाय, छाती, हृदय यांचे जे स्नायू, तेच प्रथिनांचे भांडार. ते वापरावयाचे म्हणजे घराचे वासे काढून चुलीत घालावयाचे. आणि त्या जळणात ऊबही थोडी. कारण स्नायूत तीन चतुर्थांश पाणी असते आणि एक किलो स्नायूपासून मेदाच्या मानाने सातवा हिस्साही शक्ती मिळत नाही.

मग शहाणा देह वासे का काढतो? कारण मेंदूला साखर हवी आणि मेदापासून साखर फारशी होत नाही. एक दिवसाच्या उपवासात यकृतातील साठा आटत येतो. त्यानंतर देह स्नायूंतील प्रथिने मोडून मेंदूसाठी साखर तयार करतो. या वेळी दिवसाला सुमारे ७५ ग्रॅम प्रथिने, म्हणजे पाव किलोहून अधिक स्नायू, खर्ची पडतात. काही दिवसांनी मेंदू मेदापासून बनणाऱ्या कीटोन नावाच्या द्रव्यांवर चालण्यास शिकतो आणि प्रथिनांची नासाडी दिवसाला वीस ग्रॅमपर्यंत खाली येते. अमेरिकेतील जॉर्ज काहिल आणि त्यांचे सहकारी यांनी १९६० नंतरच्या दशकात हे उलगडून दाखविले. देह काटकसर शिकतो, हे खरे. पण काटकसरीलाही किंमत असते. आणि ज्याच्या अंगावर मेद उरलेलाच नाही, त्याला काटकसर करावयासही काही शिल्लक नसते. जबलपूरचा मजूर १८९७ मध्ये नेमका या अवस्थेत होता.

येथे एक शंका स्वाभाविकपणे उभी राहते. आपल्याकडे उपवास काही थोडे नाहीत. एकादशी आहे, सोमवार आहे, चातुर्मासातील नाना व्रते आहेत. रोजचे अन्न कमीअधिक होणे एवढे घातक असते तर पिढ्यान्पिढ्या उपवास करणारी माणसे खंगून गेली असती. तसे झाले नाही. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' या म्हणीत थट्टा आहे, तसेच शरीरशास्त्रही आहे. आज कमी खाल्लेले उद्या, परवा भरून काढले जाते. १९५५ मध्ये इंग्लंडात बारा लष्करी विद्यार्थ्यांचे चौदा दिवसांचे खाणे आणि श्रम काटेकोरपणे मोजण्यात आले. ज्या दिवशी श्रम अधिक त्या दिवशी खाणे अधिक, असे काही दिसले नाही. एकेका दिवसाचा मेळ बसतच नव्हता. पंधरवड्याचा हिशेब घेतल्यावर मात्र जमा आणि खर्च जवळजवळ बरोबरीला आले. देह रोजकीर्द लिहीत नाही, खतावणी लिहितो. एका दिवसाची तूट त्याला तूट वाटत नाही; पंधरवड्यातली एकादशी तो सहज पचवितो.

या एका निरीक्षणावरून पुढे आपल्या देशात फार मोठा वाद उभा राहिला आणि त्याचे केंद्र पुणे होते. १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्याविषयी प्रसिद्ध प्रबंध लिहिला. माणशी दिवसाला २२५० उष्मांक ज्या खर्चात मिळतात त्या खर्चाच्या खाली जे जगतात ते गरीब, अशी रेषा त्यांनी धरली. १९७९ मध्ये नियोजन मंडळाच्या अभ्यासगटाने खेड्यांसाठी २४०० आणि शहरांसाठी २१०० उष्मांक हे प्रमाण मानले. भुकेची मोजणी पुन्हा दिवसाच्या आकड्यावर येऊन ठेपली. मात्र टेंपलसाहेबांचा आकडा कमीत कमी किती द्यावे यासाठी होता, तर हा आकडा कितीजणांना कमी मिळते हे दाखविण्यासाठी होता. हेतूंतील हा फरक विसरता कामा नये.

या मोजणीस आक्षेप घेतला तो पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ मध्ये जन्मलेले सुखात्मे संख्याशास्त्रज्ञ म्हणून जगभर मान्यता पावले होते. १९५१ पासून जवळजवळ वीस वर्षे रोम येथील अन्न व शेती संघटनेत त्यांनी संख्याशास्त्राची धुरा वाहिली आणि नंतर ते पुण्यास येऊन संशोधन करू लागले. त्यांचे म्हणणे असे की, निरोगी माणसाची गरज हा ठराविक आकडा नव्हे. तोच माणूस, तेच काम, तेच वजन. तरीही त्याचे खाणे दिवसागणिक, आठवड्यागणिक खालीवर होत राहते आणि देह आतल्या आत आपला तोल सांभाळतो. तेव्हा सरासरीहून थोडे कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित असे म्हणणे चूक आहे. त्या माणसाच्या नेहमीच्या चढउताराच्या तळाखाली जो गेला तोच खरा उपाशी. १९८२ मध्ये शेल्डन मार्गेन या सहकाऱ्यासह त्यांनी हा सिद्धांत सविस्तर मांडला. त्यांच्या रेषेने पाहिले तर देशातील उपाशी माणसांची संख्या पूर्वीच्या अंदाजाहून पुष्कळच कमी भरत होती.

दांडेकरांनी याचा जोरदार प्रतिवाद केला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे माजी संचालक डॉक्टर गोपालन यांनीही केला. त्यांच्या आक्षेपांचा सारांश असा की, धडधाकट माणसाच्या खाण्यातील चढउतार आणि गरिबाच्या खाण्यातील कायमची तूट या दोन गोष्टी एकाच मापाने मोजता येत नाहीत. खाणे कमीअधिक करण्याची मोकळीक ज्याला आहे त्याचा तोल पंधरवड्यात सावरतो. ज्याला ती मोकळीक नाही त्याचा देह तोल सावरतो तो आकसून. कमी हालचाल करून, कमी काम करून, मुलाची वाढ खुंटवून. हा समतोल दिसावयास समतोलच दिसतो. पण तो खालच्या पायरीवरचा समतोल होय. सुखात्मे यांच्या बाजूनेही हे सांगितले पाहिजे की, भुकेकडे डोळेझाक करावी असा त्यांचा हेतू नव्हता. घाणेरड्या पाण्याने आणि आतड्यांच्या रोगांनी खाल्लेले अन्न वाया जाते, म्हणून अन्नाइतकीच स्वच्छ पाण्याची आणि स्वच्छ परिसराची चिंता वाहावी, हा त्यांचा आग्रह काळाने खराच ठरविला.

आज मागे वळून पाहता या वादातील दोन्ही पक्षांचे सत्य एका प्रश्नाने वेगळे करता येते. तूट किती, हा तो प्रश्न नव्हे. तूट किती काळ, हा तो प्रश्न आहे. दिवसांच्या चढउताराबाबत सुखात्मे यांचे निरीक्षण योग्य होते. महिन्यांच्या आणि वर्षांच्या तुटीबाबत दांडेकर व गोपालन यांची भीती खरी होती. आफ्रिकेतील गांबिया या देशात दरवर्षी पावसाळ्यात जुने धान्य संपलेले असते आणि शेतीची कामे ऐन भरात असतात. तेथील स्त्रियांचे वजन त्या काळात घटते आणि त्या महिन्यांत जन्मणारी मुले हलकी निपजतात, असे दीर्घकाळच्या पाहणीत आढळले आहे. सुगीनंतर आईचे वजन भरून येते. मात्र हलक्या जन्मलेल्या मुलाच्या वाट्याला ते महिने परत येत नाहीत. जबलपूरच्या डोंगराळ भागातील कुटकीची कणगी रिकामी होण्याचे महिनेही हेच.

या शोधाचे पुढचे पाऊल पुन्हा पुण्यातच पडले. १९९३ पासून डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा आणि बालकांचा अभ्यास सुरू केला. या खेड्यांतील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे ३.५ किलो. वजन कमी, म्हणजे सर्वच गोष्टी सारख्या प्रमाणात कमी असावयास हव्या होत्या. तसे नव्हते. पुण्याकडील बालकांचे स्नायू आणि पोटातील अवयव पुष्कळच लहान होते. मेद मात्र बहुतांशी राखलेला होता. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक यांनी लंडनच्या युडकिन या आपल्या सहकाऱ्यासह स्वतःचेच उदाहरण दिले. उंची आणि वजन यांवरून काढलेला दोघांचा निर्देशांक अगदी एकच, २२.३. परंतु एकाच्या देहात शेकडा ९.१ मेद, तर दुसऱ्याच्या देहात शेकडा २१.२. हा दुसरा देह भारतीय डॉक्टरांचा होता. बाहेरून बारीक आणि आतून मेदयुक्त अशा या ठेवणीमुळे भारतीय माणसास मधुमेह कमी वजनावर आणि कमी वयात गाठतो, असे आता मानले जाते. ही ठेवण कशामुळे आली याविषयी संशोधन चालू आहे आणि तिचे एकच कारण असेल असे नाही. तरीही मिनेसोटातील तरुणांच्या देहाने काही महिन्यांत जे केले, मेद आधी राखला आणि स्नायूंचा बळी दिला, त्याचीच छाया येथे जन्मापासून पडलेली दिसते. पिढ्यान्पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या मातांचा वारसा त्यात असावा, या विचारास त्यामुळे बळ मिळते.

जबलपूर आता बदलले आहे. १९६४ मध्ये तेथे कृषिविद्यापीठ स्थापन झाले. १९८४ मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने आदिवासींच्या आरोग्यासाठी तेथे स्वतंत्र संशोधन केंद्र उघडले. ज्या कोदो-कुटकीला एके काळी गरिबाचे अन्न म्हणून हिणविले जाई, तिची आज वाखाणणी होते. १८९७ सारखा दुष्काळ पुन्हा पडला नाही, ही गोष्ट लहान नाही. पण भुकेची मोजणी अजूनही बहुधा दिवसाच्या आकड्याने होते. सरासरी इतके उष्मांक मिळतात, म्हणून सर्व ठीक. अमुक महिन्यात वजन भरले, म्हणून मूल सुधारले. वजन भरले ते मेदाने की स्नायूने, आणि मधले किती महिने रिकामे गेले, हे विचारले जातेच असे नाही.

माणसाचा देह मोठा उदार सावकार आहे. एका दिवसाचे, चार दिवसांचे कर्ज तो व्याजाशिवाय देतो आणि त्याची वाच्यताही करीत नाही. महिन्यांचे कर्ज मात्र तो लिहून ठेवतो आणि वर्षांचे कर्ज कधी कधी पुढच्या पिढीच्या नावावर चढवितो. जबलपूरच्या गव्हाच्या पट्ट्यात १८९३ पासून तीन हंगाम जी तूट साचत गेली, ती १८९६ च्या ऑगस्टपर्यंत कोणत्याही सरकारी वहीत दुष्काळ म्हणून नोंदली गेली नव्हती. ती नोंद त्या माणसांच्या दंडांवर आणि पोटऱ्यांवर होत होती. १८९७ मध्ये दिवसाचे धान्य मोजून देणाऱ्या अधिकाऱ्यापुढे हीच माणसे रांगेत उभी राहिली, तेव्हा त्याच्या वहीत त्यांचा पहिला दिवस होता. त्यांच्या देहाच्या वहीत चौथे वर्ष चालू होते.